मागच्या खोलीतला पर्जन्यमापक

एखादी वही आपल्याच दाव्याच्या विरोधात जाईल हे पुरेपूर ठाऊक असताना माणूस ती, कुणीही मागितलेली नसताना, समोरच्याच्या हातात का देतो? या प्रश्नाचे उत्तर मला मिळालेले नाही. ज्यांनी ती दिली त्यांनाही विचारून पाहिले. “त्या सर्व्हेअरने छत पाहिलं,” ते म्हणाले, “पण मोजलं कुठे होतं?” याला उत्तर म्हणावे की नाही, याबद्दल त्यांच्या पत्नीचे आणि माझे एकमत होत नाही.

इमारतीत सगळे त्यांना मिलिमीटरकाका म्हणत. वेधशाळेत त्यांनी छत्तीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली बहुतेक पाऊस मोजण्यात घालवली. पर्जन्यमापक ही वस्तू दिसायला अगदीच साधी: वर नरसाळे, खाली बाटली, आणि बाटलीतले पाणी ओतून घेण्यासाठी रेघा आखलेले काचेचे मोजपात्र. उपकरण साधे म्हणून शिस्त कडक. सकाळी साडेआठला म्हणजे साडेआठलाच मोजायचे. मोजपात्र डोळ्यांच्या पातळीला धरायचे. पाणी नसेल तर रकाना मोकळा सोडायचा नाही, शून्य लिहायचे. बाटली नुसतीच ओलसर असेल तर ‘ट्रेस’ लिहायचे. चूक झाली तर खोडायची नाही, तिच्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. आणि कारण लिहायचे नाही. पाऊस कशामुळे पडला हे ठरवणारी माणसे वेगळ्या खोल्यांत बसत आणि त्यांचा पगारही वेगळा असे.

त्यांच्या पत्नी शाळेत शिवणकाम शिकवत. त्यांना दम्याचा त्रास होता. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात स्वयंपाकघराच्या धुरापासून लांब अशी एकच जागा होती, ती म्हणजे मागची खोली. खिडकीकडे डोके करून त्यांचा पलंग, पायांशी शिलाई मशीन, आणि मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. निवृत्तीनंतर त्या खोलीत बसून त्या शेजारणींचे कपडे उसवून पुन्हा बेतत. “नवीन शिवणं कुणालाही येतं,” त्या म्हणत, “दुसऱ्याने बिघडवलेलं सरळ करायला नजर लागते.”

फेब्रुवारी २०१५ मध्ये या खोलीवर पहिल्यांदा पाणी आले. वरच्या घरात कवळ्या करणाऱ्या एक बाई राहत. शहरातले दंतवैद्य त्यांच्याकडे रुग्णांच्या जबड्यांचे साचे पाठवत आणि त्या घरच्या घरी मेण, प्लॅस्टर आणि दातांचे ट्रे मांडून कवळ्या घडवत. एका दुपारी त्यांच्या कपडे धुण्याच्या यंत्राची नळी निसटली आणि खाली बादल्याच ओतल्यासारखे झाले. बाई धावत खाली आल्या, स्वतः फरशी पुसली, चार वेळा माफी मागितली. घराचा विमा होता. कंपनीचा माणूस आला, फोटो काढून गेला, आणि महिन्याच्या आत छत रंगून झाले. काकूंनी त्या कंपनीची त्या काळात बऱ्याच जणांपाशी स्तुती केली. पुढे ती परत घेताना त्यांना तेवढ्याच जणांकडे जावे लागले.

जुलैत त्याच ठिकाणी तळहाताएवढा डाग उमटला. साहजिकच सगळ्यांनी वर पाहिले. वरच्या बाईंनी प्लंबर बोलावला. त्याने सिंकखालचे सगळे उघडले, काही सापडले नाही, आणि आलोच आहे तर म्हणून एक वायसर बदलून गेला. डाग वाढत राहिला. ऑगस्टच्या अखेरीस त्यातून थेंब पडू लागले, तेही नेमके पलंग आणि मशीन यांच्या मधल्या वाटेवर.

कुणीही अशा वेळी बादली ठेवतो. काकांनी माळ्यावरून वेधशाळेने मोडीत काढलेला, कड चेपलेला पितळी पर्जन्यमापक खाली काढला.

“अहो, बादली ठेवा. भरली की दिसतं, भरली म्हणून.”

“भरलेलं दिसतं गं. किती आलं ते दिसत नाही.”

“किती आलं ते कळून काय करणार आहात?”

१ सप्टेंबर २०१५ रोजी मापक मांडला गेला आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला वहीत पहिली नोंद झाली: ३.२. वही मी पाहिली आहे. तीन रकाने आहेत: तारीख, वेळ, माप. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप आहे. पावसाचे मिलिमीटर मोकळ्या आभाळाखाली खरे. एकाच ठिकाणी गळणाऱ्या पाण्याखाली हे आकडे फक्त एकमेकांशी ताडून पाहण्यापुरते घ्यावेत, असे तीत म्हटले आहे. वाचणारा कुणी नव्हता, तरी इशारा दिलेला होता.

जानेवारीपर्यंत भिंतीवर बुरशी चढली आणि काकूंचा दमा बळावला. डॉक्टरांनी औषध वाढवले आणि खोली बदलायला सांगितले. बदलायला दुसरी खोली नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी त्यांची धाकटी बहीण गाडी घेऊन आली.

“भाऊजी, ताईला मी नेते. तुम्ही बसा तुमच्या ढगाखाली.”

“छत सुकलं की लगेच परत,” काका म्हणाले.

“सुकलं की,” काकू म्हणाल्या. “मला आकडे नकोत. कोरडं छत दाखवा, मी त्याच दिवशी येते.”

त्या दिवसापासून या घरापुढे एकच प्रश्न उरला: छत कधी सुकेल आणि काकू कधी घरी येतील. काकांनी शिलाई मशीनवर मेणकापड बांधले. रोज सकाळी नऊला फोन होई.

“किती?”

“चार पूर्णांक एक.”

“काल?”

“शून्य.”

“मग आता सुकायला लागलं म्हणायचं का?”

“तसं म्हणता येत नाही.”

वरच्या बाईंशी संबंध बिघडत गेले. जिन्यात गाठ पडली की त्या थांबून म्हणत, “काका, माझं सिंक कोरडं आहे. केव्हाही येऊन बघा.” एकदा काकांनी उत्तर दिले, “तुमचं सिंक कोरडं असेल. माझं छत ओलं आहे. दोन्ही नोंदी बरोबर असू शकतात.” बाईंना तो टोमणा वाटला आणि त्यांनी बोलणे टाकले. वास्तविक काकांच्या दृष्टीने समेटाची याहून मोठी भाषा नव्हती.

३ नोव्हेंबर २०१६ रोजी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी छताचा गिलावा सुटला आणि मोठ्या परातीएवढा तुकडा रिकाम्या पलंगावर पडला. उशीच्या जागेवर. या घटनेचे वर्णन करताना काका फक्त तुकड्याची लांबी आणि रुंदी सांगतात.

आता दावा करणे भाग होते, कारण नुसत्या रंगाने भागणार नव्हते. तळमजल्यावर एक निवृत्त विमा एजंट राहत. त्यांनी काकांना खुर्चीत बसवून नीट समजावले. “अर्जात एकच तारीख लिहा, पडलं त्या दिवसाची. अचानक पडलं म्हणा. खोटं नाही ना ते? मग झालं. आणि ती तुमची वही आहे ना, ती कपाटात. कंपनीचा माणूस आला की तुम्ही मुके. पाणी एकदम आलं तर विमा, हळूहळू आलं तर तुमचं नशीब, एवढं लक्षात ठेवा.” काकूंनीही फोनवर तेच बजावले.

काकांनी अर्ज तसाच भरला. सर्व्हेअर आला. मध्यमवयीन, दमलेला, सभ्य माणूस. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्याने छत ठोकून पाहिले, फोटो घेतले, पलंगाचे मोडलेले दांडे मोजले. मग पेनाला टोपण लावत म्हणाला, “होऊन जाईल काका. गिलावा अचानक सुटलाय, दिसतंच आहे.”

काका आत गेले आणि वही घेऊन आले. “ही पण बघा.”

सर्व्हेअर पलंगाच्या धडक्या कडेवर बसला आणि पाने उलटू लागला.

“हे तुम्ही रोज?”

“रोज. साडेआठला.”

“चौदा महिने?”

“चौदा महिने आणि दोन दिवस.”

“काका,” तो म्हणाला, “हे मला दाखवलं नसतंत तर बरं झालं असतं.”

“पण आहे ना ते.”

जानेवारीत कंपनीचे पत्र आले. दावा नामंजूर. कारण, पॉलिसीतले कलम: सतत किंवा क्रमशः होणाऱ्या झिरपेमुळे झालेले नुकसान विम्यात येत नाही. पुरावा म्हणून विमाधारकाने स्वतः ठेवलेल्या नोंदींचा उल्लेख होता. वरच्या रहिवाशांच्या दीर्घकाळच्या निष्काळजीपणावरही एक वाक्य होते, आणि पत्राची एक प्रत त्यांच्या पत्त्यावर गेली होती.

काकूंना हे फोनवर कळले. “म्हणजे तुमचीच वही त्यांनी तुमच्यावर उलटवली.”

“वही कुणाच्या बाजूची नसते गं.”

“मी आहे ना एका बाजूची. मी एक वर्ष बहिणीच्या हॉलमध्ये झोपते आहे. टीव्ही बंद झाला की मगच मला दिवा मालवता येतो.”

तिकडे वरच्या बाई पत्र हातात घेऊनच खाली आल्या. हाताला प्लॅस्टर तसेच होते. दार उघडताच म्हणाल्या, “निष्काळजी मी? दोन वेळा सिंक उखडून घेतलं मी, स्वतःहून. कुठे आहे ती वही? मलाही बघू दे माझे गुन्हे.”

काकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि वही समोर ठेवली. बाईंनी दोन पाने वाचली, मग मागे जाऊन पुन्हा पहिले पान.

“यात वार कुठे आहेत?”

“वार?”

“सोमवार, मंगळवार. नुसत्या तारखा आहेत.”

“पावसाला वार नसतो,” काका म्हणाले. छत्तीस वर्षे त्यांनी वार लिहिला नव्हता; वेधशाळेच्या छापील वह्यांत तो रकानाच नसे.

“काका, पण हा पाऊस नाही ना.”

इथे थोडे थांबण्यासारखे आहे. बाईंचे सगळे काम वारांवर चाले. सोमवारी आणि गुरुवारी दंतवैद्यांकडून साचे येत, बुधवारी आणि शनिवारी दुपारी कवळ्या पोचवायच्या असत. आज कोणती तारीख आहे हे त्यांना बहुधा विचारूनच कळे. काकांचे जग तारखांचे. एकाच इमारतीत, एकमेकांच्या डोक्यावर आणि पायाखाली राहणारी ही दोन माणसे वेगवेगळी कॅलेंडरे वापरत होती, आणि चौदा महिन्यांत दोन्ही एका टेबलावर कधी आली नव्हती.

बाई वर जाऊन भिंतीवरची दोन जुनी कॅलेंडरे घेऊन आल्या. त्या वार वाचत गेल्या आणि काका पेन्सिलीने वहीच्या समासात लिहीत गेले. पहिल्या पानावरच काकांचा हात मंदावला. पाणी होते ते बुधवारी आणि रविवारी सकाळी. इतर कुठल्याच वारी नाही. पुढचे पानही तसेच. गिलावा पडला त्या सकाळपर्यंतच्या एकूण चारशे एकोणतीस नोंदी. त्यांत पाणी एकशे एकोणीस वेळा, शून्य तीनशे दहा वेळा, आणि पाण्याची प्रत्येक नोंद या दोन वारांतलीच. फक्त एप्रिल २०१६ मधले लागोपाठ चार वार कोरडे होते.

“आदल्या रात्री, म्हणजे मंगळवारी आणि शनिवारी, मी काय करते?” बाई स्वतःलाच विचारत होत्या. “शनिवारी तर मी सिंकजवळ फिरकतही नाही. काका, मंगळवारी आणि शनिवारी या इमारतीत कोण काय करतं?”

काका चप्पल घालत होते.

इमारतीचा पंप चालवणारे गृहस्थ गच्चीच्या जिन्याखाली स्टुलावर बसत. त्यांना विचारायचा अवकाश, त्यांनी सांगून टाकले. जून २०१५ मध्ये मोठा पंप बसला. जुना रोज थोडा थोडा चाले. नवा आठवड्यातून दोनदाच, मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी, गच्चीवरची टाकी एका दमात भरून टाकतो.

“मधे कधी बंद होता?” काकांनी विचारले.

“मागल्या वर्षी मोटर जळाली होती की. दोन आठवडे जुन्यावरच काढले. एप्रिल असेल. का हो साहेब, पाणी कमी आलं होतं का?”

“नाही,” काका म्हणाले. “आलंच नव्हतं.”

प्लंबरने शनिवारी संध्याकाळी, पंप चालू असताना, काकांच्या मागच्या भिंतीपलीकडचा मोरीजवळचा, पाइप नेलेला बंदिस्त चौक फोडला. टाकीकडे चढणाऱ्या मोठ्या पाइपाच्या सांध्याला केसाएवढी चीर होती. पंप बंद असताना ती दिसतही नव्हती; चालू झाला की तिच्यातून बारीक पिचकारी उडे. ते पाणी स्लॅबमधून वाट काढत काढत पहाटे काकांच्या छताशी पोचे. यंत्राच्या नळीशी त्याचा काही संबंध नव्हता. पहिल्या वेळी पाणी खरोखर वरून आले होते, एवढ्याच भांडवलावर पुढची दीड वर्षे सगळे वरच पाहत राहिले होते. “बाईंचं सिंक दोनदा उघडलं मी,” प्लंबर म्हणाला. “काही बोललं नाही बिचारं.”

काकूंना त्या रविवारचा फोन नेहमीपेक्षा लवकर गेला. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “मी सांगितलं होतं तुम्हाला. शनिवारची रात्र वाईट जाते, फार टपटपतं, म्हणून. गेल्याच्या गेल्या वर्षी. तुम्ही म्हणालात, फार म्हणजे किती ते सांग.”

काकांना ते आठवत होते. त्यांनी तसे कबूलही केले.

पाइप इमारतीचा होता, म्हणून तो बदलणे समितीला भाग होते. पण फुटलेल्या छताचा वाद उरलाच. विमा तक्रारींची सुनावणी करणाऱ्या अधिकारी बाईंपुढे तो जून २०१७ मध्ये उभा राहिला. कवळ्या करणाऱ्या बाई या वादात पक्षकार नव्हत्या, तरी त्या दिवशीचे साचे दुसऱ्या दिवसावर ढकलून आल्या होत्या. कंपनीच्या वकिलांनी वहीचाच आधार घेतला. चौदा महिने पाणी येत होते हे विमाधारकाच्याच अक्षरात आहे. याला सतत झिरप म्हणायचे नाही तर काय?

अधिकारी बाईंनी वही चाळली. “यात शून्यं बरीच दिसतात.”

“तीनशे दहा,” काका म्हणाले.

“पाणी आलंच नाही, त्या दिवशीही लिहिलंत?”

“शून्य हीसुद्धा नोंदच असते.”

“मॅडम, मी बोलू का?” कवळ्या करणाऱ्या बाईंना राहवले नाही. “सतत म्हणजे न थांबता ना? हे तर आठवड्यातून पाच दिवस थांबत होतं. आणि यांना वार लिहायची सवय असती तर दुसऱ्याच महिन्यात सापडलं असतं.”

“मान्य आहे,” काका म्हणाले. ते कंपनीच्या वकिलांनीही लिहून घेतले.

निकाल पूर्ण कुणाच्याच बाजूने लागला नाही. पंप चालला की पाणी येई आणि थांबला की आटे, म्हणून झिरप सतत नव्हती, हे अधिकाऱ्यांनी मान्य केले. गिलावा कोसळण्याच्या घटनेची भरपाई कंपनीने द्यावी असे ठरले. पण बुरशी, भिंत आणि आधीचे सगळे नुकसान वेळेवर न कळवल्यामुळे नाकारले गेले. ज्याला रोजचे पाणी मोजायला वेळ होता त्याला एक पत्र टाकायला का नव्हता, हा कंपनीचा प्रश्न निकालपत्रात नोंदलेला आहे. तो मला वाजवी वाटतो.

ऑगस्टमध्ये पाइप बदलला, सप्टेंबरमध्ये नवा गिलावा झाला. तरी काकूंनी घाई केली नाही. आकडे नकोत म्हणणाऱ्या बाईंनी या वेळी स्वतःच आकडा ठरवला: लागोपाठ तीस शून्ये. मापक २० सप्टेंबरपासून पुन्हा मोजू लागला. बावीस शून्ये झाली. १२ ऑक्टोबरच्या सकाळी नऊला फोन वाजला.

“किती?”

“ट्रेस.”

“पाइप फुटला का परत?”

“नाही. मी बघून आलो.”

“मग कशामुळे?”

“माहीत नाही.”

“शून्य सांगितलं असतंत तर मला इथून काय कळणार होतं?”

“काही नाही.”

काकू बहुधा हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “परवा येते. इथे धाकटीची सून मला गोळ्यांच्या वेळा सांगायला लागली आहे, आणि कालपासून माझ्या तोंडासमोर टाळी वाजवून सांगते. ट्रेस चालेल मला.”

“अजून तीस झाली नाहीत.”

“तीस मी ठरवली होती ना? मीच मोडते. मशीनवरचं मेणकापड काढून ठेवा, आणि खिडकी उघडी टाका.”

१४ ऑक्टोबर २०१७ रोजी त्या आल्या. आल्या आल्या स्टुलावर चढून त्यांनी छतावर तळहात फिरवला, हात नाकाशी नेला, आणि खाली उतरल्या. पलंग मात्र त्यांनी भिंतीपासून दोन हात अलीकडे सरकवून घेतला. संध्याकाळी वरच्या बाई डोकावल्या, तेव्हा त्यांच्या कामाचा झगा खांद्यावर घट्ट होत असल्याचे काकूंच्या लक्षात आले आणि त्यांनी तो तिथेच उतरवून घेतला.

काकू त्या खोलीत अजूनही झोपतात. मे २०२२ मध्ये कवळ्या करणाऱ्या बाई दुसऱ्या शहरात राहायला गेल्या आणि वरचे घर काकूंच्या धाकट्या बहिणीने विकत घेतले.